दुकानाची पाटी आणि शोधणारे गिऱ्हाईक

बीदरहून औरादकडे जाणाऱ्या रस्त्यावर जनवाडा नावाचे गाव आहे. या गावात कोणी किराणा मालाचे दुकान उघडले तर त्याला जाहिरात करावी लागत नाही. पहिल्या दिवशी फोडलेल्या नारळाचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो आणि उरलेल्या अर्ध्या गावाला संध्याकाळपर्यंत पारावर बातमी मिळते. भाव काय आहे, मापात खोट आहे की नाही, उधारी चालते किंवा नाही, याचा निवाडा आठवड्याच्या आत होऊन जातो.

माझ्या भाच्याने मात्र याच गावात बसून असे एक दुकान काढले आहे की, ज्याला ना रस्ता ना शेजार. बीदर शहरातील कारागिरांकडून बिदरीच्या वस्तू घ्यावयाच्या, त्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर मांडावयाची आणि मागणी येईल तशा त्या टपालाने किंवा कुरिअरने पाठवावयाच्या, असा त्याचा व्यवसाय. संकेतस्थळ सुरू झाले त्या दिवशी त्याने पेढे वाटले. तीन महिन्यांनी तो उदगीरला माझ्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

“मामा, गूगलवर आपलं दुकान सापडतच नाही. दुकानाचं नाव टाइप केलं तरच दिसतं.”

“अरे, ज्याला नाव ठाऊक आहे त्याला शोधावं कशाला लागतं? ज्याला ठाऊक नाही त्याला ते सापडलं पाहिजे,” असे मी म्हणालो खरा, पण ते सापडावे कसे हे मला कोठे ठाऊक होते? शाळेत मराठी शिकविण्यात माझी हयात गेली. संगणकाचा आणि माझा संबंध पेन्शनच्या कागदांपुरता. तथापि पुढील दोन वर्षे मामा-भाचे मिळून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. त्यात जे कळले ते सांगण्यासारखे आहे असे वाटते, कारण पुष्कळसा भाग यंत्राचा नसून भाषेचा निघाला.

गूगल म्हणजे आपण प्रश्न विचारताक्षणी जगातील सारी पाने चाळून उत्तर देणारा कोणी सर्वज्ञ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हे वाचन आधीच होऊन गेलेले असते. शोधयंत्राचे हरकारे एका पानावरून दुसऱ्या पानावर, तेथील दुव्यांच्या आधाराने, अहोरात्र हिंडत असतात. त्यांनी आणलेल्या मजकुराची एक प्रचंड सूची तयार होते, ग्रंथाच्या शेवटी असते तशी. आपण शब्द टाकतो तेव्हा ही सूची उघडली जाते. म्हणजे तेथे हरकारा पोचला पाहिजे, त्याला मजकूर वाचता आला पाहिजे आणि मग अनेक पानांत आपले पान वरच्या जागी बसविण्यास काही कारण असले पाहिजे.

हे कारण ठरविण्याची जी युक्ती लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधली, तिच्यातून 1998 साली गूगल कंपनी उभी राहिली. युक्ती आपल्याला अगदी ओळखीची आहे. सोयरीक जुळविताना आपण मुलाच्या बापाला मुलाचे गुण विचारीत नाही, चार त्रयस्थांना विचारतो. त्या चौघांतही ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे त्याचे म्हणणे अधिक धरतो. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा देणे ही शिफारस समजावी आणि शिफारस करणाऱ्याच्या पतीप्रमाणे तिचे मोल करावे, असा तो विचार होता. आज याशिवाय कितीतरी गोष्टी पाहिल्या जातात. पान मोबाइलवर नीट वाचता येते काय, उघडण्यास किती वेळ लागतो, विचारलेल्या प्रश्नाशी मजकुराचा खरोखर संबंध आहे काय, इत्यादी. परंतु सोयरिकीचे तत्त्व अद्याप सुटलेले नाही.

आता भाच्याच्या दुकानाकडे वळू. संकेतस्थळ दिसावयास देखणे होते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर चांदीची वेलबुट्टी झळकत होती. पण मजकूर? पहिल्या पानावर ‘आमच्याविषयी’, ‘आमची उत्पादने’, ‘दर्जा हेच आमचे ब्रीद’. प्रत्येक वस्तूखाली एक क्रमांक आणि किंमत. वस्तूचे वर्णन जेथे होते तेथे ते छायाचित्रातच कोरलेले, म्हणजे डोळ्याला अक्षरे, पण हरकाऱ्याच्या लेखी केवळ एक चित्र. एका पानावर मात्र लांबलचक मराठी मजकूर होता. तो छापखान्यातील एका जुन्या फॉन्टमधून उचलून आणलेला. या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांची केवळ आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असे. फॉन्ट काढून घेतला की खाली उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रास. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे स्थान 1991 पासून आहे, तरी आपल्याकडील कितीतरी संस्थांचा मराठी मजकूर अजून त्या जुन्या वेषात पडून आहे. तो माणसाला वाचता येतो, परंतु शोधयंत्राच्या दृष्टीने मराठीत नाहीच. मराठीच्या भवितव्याविषयी परिसंवाद भरविणाऱ्यांनी या मुद्द्यासाठी अर्धा तास काढावा, असे मला राहून राहून वाटते.

भाच्याला मी सांगितले की, चित्र दिसत नाही अशा माणसाला वस्तू समजावून सांगावयाची आहे असे समज आणि लिही. त्याने लिहिले, ‘आकर्षक व सुबक बिदरी फुलदाणी’. हे निबंधात लिहिले असते तर मी लाल रेघ ओढली असती. आकर्षक कोणती नसते? मग आम्ही दोघे बीदरला एका कारागिराकडे जाऊन दिवसभर बसलो.

बिदरीची वस्तू म्हणजे काळी चांदी नव्हे. ती मुख्यतः जस्त, त्यात थोडे तांबे. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे, असे प्रमाण सांगितले जाते. वाळूच्या साच्यात ओतकाम होते. मग कानशीने घासून अंग गुळगुळीत करावयाचे. मोरचुदाचे पाणी लावून ते तात्पुरते काळे करावयाचे, म्हणजे त्यावर ओढलेली नक्षीची रेघ उमटून दिसते. त्या रेघेवर बारीक छिन्नीने खोबण पाडून तीत चांदीची तार ठोकून बसवावयाची. याला तारकशी म्हणतात. तारेऐवजी चांदीचा पत्रा बसविला तर ते तेहनिशान. शेवटी खरी किमया होते. बीदरच्या किल्ल्यातील जुन्या, उन्हापावसापासून राहिलेल्या जागेची माती नवसागराच्या पाण्यात कालवून ती तापविलेल्या वस्तूला चोळतात. जस्ताचा भाग गर्द काळा होतो आणि चांदीला या मातीचा काही उपद्रव होत नाही. ती होती तशीच पांढरी राहते. मग तेलाचा हात फिरविला की काम पुरे. कारागीर ती माती चिमटीत घेऊन जिभेला लावून पाहतो आणि जागा पारखतो. आम्हालाही त्याने चव घेण्याचा आग्रह केला. भाच्याने घेतली, मी वयाचे निमित्त पुढे केले.

त्या रात्री जनवाड्याला परतल्यावर भाच्याने फुलदाणीचे पान नव्याने लिहिले. उंची किती, वजन किती, तारकशी की तेहनिशान, नक्षी ‘अशर्फी की बूटी’ आहे तर तिची ओळख कशी पटते, बनविण्यास किती दिवस लागले, पाणी घालून खरी फुले ठेवावयाची की केवळ शोभेची. त्यात ‘आकर्षक’ हा शब्द एकदाही नव्हता. प्रत्येक छायाचित्राला ते न दिसल्यास वाचता येईल असे एका ओळीचे वर्णन जोडले. याचा लाभ यंत्राला होतो तसाच पडद्यावरील मजकूर ऐकणाऱ्या अंध ग्राहकालाही होतो, हे आम्हाला मागाहून कळले.

पुढचा प्रश्न शब्दांचा. गिऱ्हाईक वस्तूला काय म्हणते? आम्ही म्हणतो बिदरी. कोणी बीदरी लिहितो, कोणी बिद्री. गावाचे नाव कोणी बीदर लिहितो, कोणी बिदर. पुष्कळजण मराठीतच विचारतात, पण रोमन अक्षरांत. आणि ज्याला बिदरी हा शब्दच माहीत नाही तो ‘काळी चांदीची नक्षीची फुलदाणी’ किंवा ‘निवृत्तीच्या समारंभात देण्यासाठी भेटवस्तू’ असे शोधतो. त्याची गरज आपल्या मालाने भागते, पण आपल्या भाषेतून तो आपल्यापर्यंत येऊ शकत नाही.

या सीमाभागात तर हा पेच अधिकच. बीदर जिल्हा 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर तो तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. येथे घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि बिलावर इंग्रजी असा व्यवहार चालतो. शेजारच्या गुलबर्ग्याचे नाव 2014 साली अधिकृतपणे कलबुरगी झाले. पण पुण्यात किंवा मुंबईत स्थायिक झालेला तिकडचा माणूस आजही ‘गुलबर्गा’ असेच टाइप करतो. एक तूरडाळ विकणारे गृहस्थ भाच्याच्या ओळखीचे आहेत. कलबुरगीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. त्यांनी उत्साहाने साऱ्या पानांवरून गुलबर्गा हा शब्द काढून टाकला आणि जुनी गिऱ्हाइकेही त्याबरोबर काढून टाकल्यासारखी झाली. ‘कलबुरगी, म्हणजे पूर्वीचे गुलबर्गा’ एवढे एक वाक्य पुरे होते. नव्या नावाचा मान राहतो आणि जुन्या नावाने येणाऱ्याला दारही उघडे राहते.

मात्र याचा अर्थ असा नव्हे की, सर्व रूपे ओळीने लिहून काढावी. तोही उद्योग भाच्याने करून पाहिला. पानाच्या तळाशी बिदरी हा शब्द बारा तऱ्हांनी लिहून ठेवला, काळ्यावर काळ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसू नये आणि यंत्राने वाचावे. ही लबाडी इतकी जुनी आहे की, यंत्रे तिला केव्हाच ओळखतात. पानाच्या पोटात शोधशब्दांची यादी दडविण्याचीही एक रीत होती. क्रम लावताना आपण ती यादी मुळीच पाहत नाही, असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले. तरी त्या यादीचे पैसे घेणारे अजून भेटतात.

भेटतात म्हणजे फोन करतात. एका कंपनीच्या माणसाने ‘एक महिन्यात पहिल्या क्रमांकावर’ अशी हमी दिली आणि भाच्याने मला न विचारता पैसे भरले. महिन्याभरात आमच्या दुकानाकडे शेकडो दुवे आले. कोठून आले ते पाहिले तेव्हा बहुतेक जुगाराच्या आणि कसल्याकसल्या औषधांच्या पानांवरून. सोयरिकीच्या चौकशीत गावातील चार नामांकित उनाडांनी मुलाची तोंड भरून स्तुती करावी, तसा हा प्रकार. विकतच्या दुव्यांविरुद्ध गूगलने 2012 पासून कडक धोरण धरले आहे. मूळ जागा कोणालाही पैसे देऊन मिळत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते. हमी देणाऱ्याला हे ठाऊक असते. हमी घेणाऱ्याला ते ठाऊक नसते, त्यावरच हा धंदा चालतो.

खऱ्या शिफारशी मिळाल्या त्या निराळ्या रीतीने. बीदर पाहावयास येणाऱ्या प्रवाशांसाठी लिहिणाऱ्या एकाने आमच्या मातीच्या वर्णनाचा दुवा दिला. एका महाविद्यालयाच्या कलाविभागाने तारकशीचे पान आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनात घातले. दुवे दोनच, पण पत असलेल्यांचे.

आता राखणीविषयी. संकेतस्थळ एकदा बांधले की झाले, असे समजणारा माणूस शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही शेती विसरला असे म्हणावे लागेल. विकली गेलेली सुराही पानावर तशीच राहिली. नागपूरच्या एका बाईंनी पैसे भरले आणि माल नाही म्हणून ते परत करावे लागले. त्या पुन्हा आल्या नाहीत. छायाचित्रे मोठ्या कॅमेऱ्याची, एकेक पाच-सहा मेगाबाइटचे. भाच्याच्या घरच्या वायफायवर ती चटकन उघडत, पण जनवाड्याच्या शिवारात मोबाइलवर उघडून पाहा म्हटले तेव्हा उंबराखाली उभे राहून आम्ही निम्मीच फुलदाणी पाहिली. चित्रे हलकी करण्यास एक दुपार लागली. पानांचे पत्ते बदलले तेव्हा जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पोचविण्याची व्यवस्था केली नाही, त्यामुळे गूगलच्या सूचीत होती नव्हती ती पानेही नाहीशी झाली. घर बदलल्यावर टपाल कचेरीत कळवावे लागते, हे जुन्या माणसाला सांगावे लागत नसे.

परंतु या सर्वांहून मोठा घाव बसला तो नावाचा. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते विकत मिळत नाही. वर्षाच्या कराराने मिळते, शेतजमीन खंडाने घ्यावी तसे. ते नाव भाच्याच्या एका मित्राने आपल्या ई-मेलवर नोंदविले होते. मित्र नोकरीसाठी दूर गेला, त्याने तो ई-मेल पाहणे सोडले. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या ओसाड पेटीत पडत राहिल्या. मुदत संपल्यावरही सोडवणुकीसाठी काही अवधी असतो. डॉट कॉमच्या नावांना अधिक आकार भरून सोडविण्यासाठी शेवटचे तीस दिवस मिळतात. तेही गेले. कोणा परक्याने नाव उचलले आणि आमच्या दुकानाच्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती झळकू लागल्या. ज्या कारागिराने आपल्या नातेवाइकांना तो पत्ता अभिमानाने दिला होता, त्याचा फोन आला. तो रागावला नाही. “साहेब, आमचं नाव त्या पानावर अजून आहे का?” एवढेच त्याने विचारले.

हा प्रश्न मला विसरता येत नाही. बिदरीकामाला 2006 साली भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांचा 2023 साली पद्मश्रीने गौरव झाला. नावाला अशी प्रतिष्ठा असूनही, ‘बिदरी’ म्हणून शोधणाऱ्यापुढे जर यंत्रावर काढलेला, काळा रंग फासलेला माल आधी येत असेल, तर नावाचा लाभ कोणाला मिळतो? छिन्नी धरणाऱ्या हाताला नव्हे. ज्याचे पान आधी सापडते त्याच्याकडे पैसे जातात, हा आजच्या बाजाराचा रोखठोक व्यवहार आहे.

भाच्याने नवे नाव घेतले, स्वतःच्या ई-मेलवर, पाच वर्षांच्या मुदतीने. ती तारीख त्याने दुकानातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली आहे आणि माझ्याकडेही लिहून ठेवली आहे. पासवर्ड एका वहीत आहेत, वही तिजोरीत. संकेतस्थळाची नक्कल दर रविवारी वेगळ्या जागी जाते. शासनाच्या 2020 च्या ई-व्यापार नियमांना धरून दुकानाचे नाव, पूर्ण पत्ता, फोन, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे पहिल्याच पानावरून सापडते. जनवाडा हे खेडे आहे म्हणून तो आधी पत्ता लपवीत असे. आता ग्राहक फोन करून विचारतात, “खरंच तिथं आहात का?” आणि तो म्हणतो, “या की, चहा घ्यायला.”

गूगलचे सर्च कन्सोल म्हणून एक विनामूल्य साधन आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत आले, कोणत्या शब्दांना आपले पान दिसले पण कोणी उघडले नाही, हे त्यात पाहता येते. भाचा रोज पाहू लागला होता, ते मी बंद करविले. पेरलेले बी रोज उकरून पाहावयाचे नसते. आता तो महिन्यातून एकदा पाहतो. तेथे एकदा एक प्रश्न वारंवार आलेला दिसला: बिदरीची वस्तू फिकट पडली तर काय करावे? त्याच सुमारास पुण्याच्या एका आजींचे पत्र आले. लग्नात मिळालेले पानदान सुनेने चांदीच्या पॉलिशने घासले आणि त्याचा काळा रंग निघून राखाडी डाग पडले, हे पुन्हा काळे होईल का?

भाच्याने बीदरला जाऊन विचारले आणि पान लिहिले. चिंच, पावडर, पॉलिश लावू नये. मऊ फडक्याने पुसावे, खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा. काळेपणा गेलाच असेल तर घरी खटपट न करता वस्तू कारागिराकडे पाठवावी, तो मातीचा हात पुन्हा देतो. त्या पानावर विकावयाचे काहीच नव्हते. आज आमच्या दुकानातील सर्वांत अधिक वाचले जाणारे पान तेच आहे. गूगल काही प्रश्नांचे तयार उत्तर वरच देऊन टाकते, त्यामुळे पुष्कळजण उत्तर वाचून तेथूनच परत जात असतील. जावोत. आजींचे पानदान बीदरला आले, काळे होऊन परत गेले, आणि दुरुस्तीचा आकार थेट कारागिराला मिळाला.

परवा भाच्याचा फोन आला होता. कन्नडमध्येही हे पान लिहावयाचे म्हणतो. ‘खोबरेल तेलाचा हलका हात’ याला कन्नडात नेमके काय म्हणतात ते त्याने औरादच्या एका मास्तरांना विचारले आहे, आणि मास्तर म्हणाले, आधी पानदान दाखवा.